शिसे आणि आपले ‘नॉर्मल’

तपासणीचा अहवाल हाती आला की आपण आकडा मर्यादेत आहे ना, एवढेच पाहतो. ती मर्यादा कशाच्या आधारे ठरली, असे सहसा विचारीत नाही. शिशाच्या बाबतीत हा प्रश्न क्लेअर पॅटरसन या अमेरिकन भू-रसायनशास्त्रज्ञाने विचारला. तो वैद्यकाने विचारला नाही, याची मला थोडी खंत वाटते.

१९५६ साली पृथ्वीचे वय सुमारे ४५५ कोटी वर्षे असल्याचे प्रसिद्ध करणारे ते हेच पॅटरसन. त्यासाठी शिशाचे अत्यल्प प्रमाण मोजताना आकडा प्रत्येक वेळी भलताच वाढलेला येई. शिसे येत होते हवेतून, धुळीतून, काचपात्रांतून, फार काय संशोधकाच्या केसांतूनही! वर्षानुवर्षे खपून त्यांनी प्रयोगशाळा निर्धूळ केली. दुसऱ्या एखाद्याने हा मोजमापातील उपद्रव म्हणून सोडून दिला असता. पॅटरसननी त्यालाच संशोधनाचा विषय केले. पुढे समुद्राच्या वरच्या पाण्यात खोल पाण्याहून अधिक शिसे आढळले आणि ग्रीनलंडच्या बर्फात अलीकडच्या थरांत ते वाढत गेलेले दिसले. पेट्रोलमध्ये मिसळले जाणारे शिसे हा त्याचा एक मोठा उगम होता.

१९६५ च्या निबंधात त्यांनी मांडले की, सर्वांच्या रक्तात आढळते म्हणून ते प्रमाण नैसर्गिक ठरत नाही. सारा समाजच दूषित असू शकतो. १९७९ साली पेरूमधील प्राचीन सांगाड्यांच्या अभ्यासात आधुनिक अस्थींतील शिसे शेकडो पटींनी अधिक निघाले. त्याच वर्षी, त्याच वैद्यकीय नियतकालिकात, हर्बर्ट नीडलमन यांनी मुलांच्या दुधाच्या दातांतील शिशाचा बुद्ध्यंकाशी व वर्गातील वर्तनाशी संबंध दाखविला.

अमेरिकेतील मुलांच्या रक्तासाठीची मर्यादा १९६० च्या दशकात ६० मायक्रोग्रॅम प्रतिडेसिलिटर होती. ती १९९१ मध्ये १० आणि २०२१ मध्ये ३.५ झाली. आजचा आकडाही सुरक्षिततेची ग्वाही नव्हे. तो तेथील मुलांच्या रक्तातील प्रमाणांवरून ठरविलेला आहे.

भारतात २००० साली पेट्रोलमधील शिसे गेले, रंगांवर २०१७ पासून ९० पीपीएमची मर्यादा आली. तरी जुन्या बॅटऱ्या फोडण्याची कामे, जुन्या भिंतींचे पोपडे आणि भेसळीची हळद आहेतच. गिळलेल्या शिशापैकी मोठ्या माणसाचे शरीर साधारण दहावा हिस्सा शोषते, लहान मुलाचे जवळजवळ निम्मा. लोहाची कमतरता असल्यास त्याहूनही अधिक. म्हणून फिकट, चिडचिड्या, माती खाणाऱ्या मुलाला लोहाचे औषध लिहून देताना मी वडिलांचा व्यवसाय विचारतो, आणि कामावरचे कपडे ते घरी कोठे काढून ठेवतात, हेही.