आयत्या बिळावर नागोबा : बंदिवासातील विषारी सापांची दिनचर्या

'आयत्या बिळावर नागोबा' ही म्हण आपण फुकट्या माणसासाठी वापरतो. नागाच्या बाबतीत मात्र ते निव्वळ निरीक्षण आहे. त्याला पाय नाहीत, माती उकरायला नखे नाहीत. उंदीर-घुशींनी पोखरलेली बिळे, वाळवीची वारुळे, गडग्याच्या दगडांमधील फटी हेच त्याचे घर. घर बांधता येत नाही, म्हणून घर निवडणे हीच त्याची विद्या. कोणत्या वेळी कोणत्या फटीत शिरायचे, किती आत जायचे, बाहेर कधी पडायचे, यावर त्याचे पचन, कात टाकणे, वीण आणि जीव अवलंबून असतो.

माणूस साप पकडून ठेवतो तेव्हा नेमकी ही निवड त्याच्या हातात जाते. मग बिळातला नागोबा काय करतो? दिवसभर कुठे बसतो, रात्री कुठे फिरतो? गेली काही वर्षे मी या प्रश्नामागे आहे. माझ्याकडे प्राणिशास्त्राची पदवी नाही. मिळेल ते वाचणे, जाणकारांना प्रश्न विचारणे आणि काचेच्या अलीकडे बसून तासन्‌तास बघणे, एवढेच माझे भांडवल. प्रश्न वरवर छोटा दिसतो. पण सर्पदंश झालेल्या माणसाला दवाखान्यात जे औषध टोचतात, त्याच्याशी त्याचा थेट संबंध आहे. तो कसा, हे सांगण्यासाठी हा लेख.

आळस नव्हे, हिशेब

सर्पोद्यानात गेलेला जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, "हा जिवंत आहे ना?" साप हलत नाही, ही आपली पहिली तक्रार. पण साप शरीराची उष्णता स्वतः निर्माण करत नाही, ती बाहेरून घेतो. त्यामुळे तेवढ्याच वजनाच्या उंदरा-मांजरापेक्षा त्याचा ऊर्जेचा खर्च फारच कमी, साधारण दहावा भाग किंवा त्याहूनही कमी असतो. उगाच हालचाल करणे त्याला परवडत नाही आणि त्याची गरजही नाही.

मात्र उष्णता बाहेरून घ्यायची तर जागा बदलावी लागते. अनेक साप शरीराचे तापमान ३० अंश सेल्सिअसच्या आसपास राखायचा प्रयत्न करतात. भक्ष्य गिळलेला साप अधिक उबदार जागा शोधतो, कारण उब नसेल तर पचन रेंगाळते आणि कधीकधी गिळलेले भक्ष्य तो ओकून टाकतो. कात टाकण्याच्या सुमारास त्याला दमट कोपरा हवासा होतो; हवा कोरडी असेल तर कात तुकड्यातुकड्यांनी निघते. म्हणजे सापाची हालचाल थोडी असली तरी ती नेमकी असते. ज्या पेटीत सगळीकडे सारखेच तापमान आणि सारखाच उजेड, तिथे हलून त्याला काहीच मिळत नाही. तिथल्या सापाला आपण आळशी म्हणतो. खरे तर त्याला हलण्याचे कारणच उरलेले नसते.

बघायचे कसे?

प्राण्यांच्या वर्तनाच्या नोंदी कशा घ्याव्यात, यावर जीन ऑल्टमन या अभ्यासिकेने १९७४ मध्ये लिहिलेला लेख आजही या क्षेत्राचा पाया मानला जातो. लक्ष वेधणारे काही घडले की तेवढेच टिपायचे, ही आपली सवय. तिच्यामुळे फणा काढलेला नाग वहीत येतो आणि बारा तास निजलेला नाग सुटतो. यावर उपाय सोपा आहे. ठरावीक अंतराने, समजा दर पंधरा मिनिटांनी, नजर टाकायची आणि त्या क्षणी साप कुठे आहे, काय करतो आहे, एवढेच लिहायचे : लपणीत, पाण्याच्या भांड्याशी, उबदार टोकाला, काचेलगत, वेटोळे घातलेला, सरपटणारा, जीभ लवलवणारा. सोबत वेळ आणि तापमान. अशा शेकडो नोंदी जमल्या की एकेका सापाच्या दिवसाचा नकाशा दिसू लागतो.

दुसरी अट रात्रीची. सर्पोद्याने दिवसा उघडी असतात, तर आपले बरेचसे विषारी साप रात्री जागे असतात. दिवसाच्या नोंदींवरून मण्यारीविषयी मत बनवणे म्हणजे रात्रपाळीच्या कामगाराला दुपारी झोपलेला बघून निरुद्योगी ठरवणे. रात्री साधा दिवा लावला तर वागणे बदलते, म्हणून मंद लाल उजेड किंवा अवरक्त कॅमेरा वापरतात. आणि साप हवेतला आवाज जितका ऐकतो त्याहून अधिक जमिनीची कंपने जाणतो. काचेवर टकटक आणि पावलांचा धप्प आवाज त्याच्यापर्यंत पोहोचतोच. त्यामुळे निरीक्षकाने एकदा बसले की हलायचे नाही.

चौघांचे चार स्वभाव

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्याकडचे चार प्रमुख विषारी साप. 'विषारी' या एका शब्दात आपण त्यांना कोंबतो. त्यांची दिनचर्या मात्र वेगवेगळी आहे.

नाग भक्ष्य शोधत फिरणारा. तो संध्याकाळी आणि पहाटे विशेष जागा असतो, दिवसाही बाहेर दिसतो. पेटीत तो कडेकडेने फिरतो, कोपरे हुंगतो आणि लपण असेल तर पुन्हा तिथेच परततो. लपण नसेल तर फणा काढण्याचे प्रसंग वाढतात. पाहुण्यांना ते आवडते, पण फणा ही नागाची भीती आहे, करमणूक नव्हे.

मण्यार पक्की निशाचर. दिवसा ती वेटोळ्यात डोके खुपसून पडते. डिवचले तरी बहुधा डोके आणखी लपवते. रात्री तीच मण्यार चपळ होते. ती इतर साप खाते, म्हणून तिला एकटीच ठेवावी लागते.

घोणस दबा धरून बसणारी. उंदराच्या वाटेवर ती तासन्‌तास, कधी दिवसेंदिवस निश्चल राहते. हे बसणेच तिचे काम. रात्री तिचा वावर अधिक, पण थंडीत ती दिवसा उन्हाला येते. बंदिवासातील घोणस मुळीच हलत नाही म्हणून चिंता करू नये. तिला बसायला पालापाचोळ्याचा आडोसा आहे का, ते बघावे.

फुरसे कोकणातल्या जांभ्याच्या सड्यांवर दगडांखाली सापडते. लहानखुरे, पण तापट. अंग अंगावर घासून करकर आवाज काढणारे. दिवसभर ते सपाट दगडाखाली अंग चिकटवून राहते. त्याला मोठ्या पोकळीपेक्षा अंगाला सगळीकडून टेकेल अशी फट जास्त पसंत असते. 'प्रशस्त' घर ही माणसाची कल्पना. फुरशाला अरुंद घरच सुरक्षित वाटते.

मडके आणि औषध

सर्पदंशावरचे प्रतिविष सापाच्याच विषापासून होते. विषाच्या अगदी थोड्या मात्रा घोड्याला वाढत्या क्रमाने टोचतात आणि त्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिद्रव्ये शुद्ध करून वापरतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आल्बेर काल्मेत या फ्रेंच वैद्याने नागाच्या विषावर असे औषध तयार केले. पुढे ब्राझीलमधील वितल ब्राझील यांनी दाखवून दिले, की ते औषध तिथल्या सापांच्या दंशावर चालत नाही : ज्या सापाचे विष, त्याच सापाविरुद्धचे औषध. साओ पाउलोच्या बुतांतान संस्थेचा १९०१ पासूनचा इतिहास या शोधाशी जोडलेला आहे.

भारतात प्रतिविषासाठी लागणारे विष मोठ्या प्रमाणावर एकाच ठिकाणाहून येते. चेन्नईच्या दक्षिणेला वडनेम्मेली येथे इरुला आदिवासींची सर्प पकडणाऱ्यांची सहकारी संस्था आहे. रॉम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने ती १९७८ मध्ये उभी राहिली. सापांच्या कातड्याचा व्यापार बंद झाल्यावर इरुलांच्या पारंपरिक कसबाला तिने नवे काम दिले. पकडलेला साप मातीच्या मडक्यात ठेवतात : तळाला वाळू, तोंडाला सुती कापड. काही आठवड्यांत मोजक्या वेळा विष काढतात, पोटाच्या खवल्यांवर खूण करतात आणि त्याला पुन्हा रानात सोडतात.

मडके बघून शहरी माणूस कळवळतो. पण सापाच्या बाजूने बघा : अंधार, सच्छिद्र मातीमुळे गारवा, अंगाला सगळीकडून लागणारी भिंत. लपण म्हणून मडके उत्तम आहे. उणीव एकच, तिथे निवड नाही. ऊब हवी तर सरकायला जागा नाही, अंग लांब करायला वाव नाही. काही आठवड्यांपुरते ते निभावते, वर्षानुवर्षांसाठी नाही.

आणि आता वर्षानुवर्षांचा प्रश्न समोर आला आहे. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेसह अनेक ठिकाणच्या संशोधनातून दिसले आहे, की एकाच जातीच्या सापाचे विषदेखील प्रदेशागणिक बदलते. तमिळनाडूतील विषापासून केलेले औषध दूरच्या प्रदेशातील दंशावर तेवढेच प्रभावी ठरेल, याची खात्री नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मेली. वर्षाला सरासरी ५८ हजार. बहुतेक खेड्यांतली, शेतात राबणारी. त्यांच्यासाठी प्रदेशवार विष हवे, तर प्रदेशवार साप निरोगी ठेवता आले पाहिजेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनाही सांगतात, की विष देणारा प्रत्येक साप ओळखता यावा, तो कुठला आहे याची नोंद असावी, नवा साप आधी वेगळा ठेवावा, त्याच्या प्रकृतीचा हिशेब असावा.

ताणाखाली राहणारा साप खाणे सोडतो, काचेवर नाक घासून जखमी होतो, त्याच्या तोंडात व्रण होतात. मग ना साप टिकतो, ना विषाचा भरवसा राहतो. म्हणजे 'साप दुपारी कुठे बसला होता' ही नोंद शेवटी प्रतिविषाच्या कुपीपर्यंत पोहोचते.

चांगले बीळ कसे असावे?

उत्तर खर्चिक नाही. पेटीचे एक टोक उबदार, एक गार. दोन्ही टोकांना एकेक घट्ट लपण, म्हणजे ऊब आणि सुरक्षितता यांत सापाला एकच निवडावे लागत नाही. एक दमट कोपरा. दिवसा उजेड, रात्री खरा काळोख. आणि साप पूर्ण सरळ होऊ शकेल एवढी लांबी. साप वेटोळे घालूनच राहतो, हा समज निरीक्षणांत टिकलेला नाही. जागा मिळाली की तो अंग ताणतो. अमेरिकेतील गॉर्डन बर्गहार्ट आणि सहकाऱ्याने २००६ मध्ये बिनविषारी सापांवर दाखवले, की वैविध्य असलेल्या पेटीत वाढलेल्या सापांचे वर्तन रिकाम्या पेटीतल्यांपेक्षा वेगळे घडते.

या दिनचर्येचा एक धडा आपल्या घरापर्यंत येतो. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश इतका बारीक, की अनेकांना जागही येत नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, तोवर उशीर झालेला असतो. नेपाळच्या तराईतील अभ्यासात मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंशाचा धोका कमी आढळला. खाट आणि नीट खोचलेली मच्छरदाणी : मण्यारीचे वेळापत्रक माहीत असण्याचा हा सर्वांत स्वस्त फायदा.

महाराष्ट्रात सर्पोद्याने आहेत, सर्पमित्रांची मोठी फळी आहे, हाफकिनसारख्या संस्थेची परंपरा आहे. कमी आहे ती वहीची. प्रत्येक पेटीपाशी एक वही लटकवावी. तारीख, वेळ, तापमान, साप कुठे, काय करतो आहे, असे पाच रकाने. दिवसातून चार वेळा आणि रात्रीतून दोन वेळा भरल्या, तर वर्षभरात कोकणातले फुरसे आणि देशावरची घोणस कशी जगते, हे आपल्या मातीतल्या नोंदींवरून सांगता येईल. आयते बीळ आपण सापाला देणारच आहोत, तर ते कसे हवे, हे त्यालाच विचारलेले बरे. त्याचे उत्तर तो बसायच्या जागेतून रोज देतो आहे.