बंदुकीचा दस्ता घरच्या घरी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

छऱ्याच्या जुन्या बंदुकीचा लाकडी दस्ता घरीच नव्यासारखा करता येतो. त्याला महागडं सामान लागत नाही, धीर मात्र लागतो. पण ऐकीव सल्ल्यांपायी चांगलं लाकूड वाया जातं आणि कधी जिवावरही बेततं. आधी बंदूक रिकामी असल्याची स्वतः खात्री करा, मगच स्क्रू काढून दस्ता वेगळा करा.

गैरसमज: खड्डा दिसला की लांबी भरायची.
वस्तुस्थिती: आपटून पडलेल्या खड्ड्यात लाकडाचे तंतू फक्त दबलेले असतात. त्यावर ओलं सुती फडकं ठेवून गरम इस्त्रीचं टोक काही सेकंद टेकवा. वाफेनं तंतू फुगतात आणि खड्डा वर येतो. एकदा न जमल्यास पुन्हा करा. लांबी लागते ती टवका उडालेल्या जागीच.

गैरसमज: जोरात घासलं की दस्ता गुळगुळीत होतो.
वस्तुस्थिती: १२०, १८०, २४०, ३२० अशा क्रमानं पॉलिश पेपर, तोही लाकडाच्या रेषांच्या दिशेनं, हलक्या हातानं फिरवा. मग ओल्या फडक्यानं पुसून वाळू द्या. उभी राहिलेली कूस ३२० नंबरनं काढा. लोखंड टेकतं त्या कडा आणि पकडीची नक्षी मात्र घासू नका.

गैरसमज: तेल जितकं जास्त, तितकी चमक जास्त.
वस्तुस्थिती: क्रिकेटच्या बॅटला लावतात ते जवसाचं तेल उडून जाऊन वाळत नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. जाड थराला वरून साय धरते, आत चिकट राहतं. म्हणून थोडंसं तेल चोळा, पंधरा-वीस मिनिटांनी उरलेलं पुसून काढा आणि पूर्ण वाळल्यावरच पुढचा हात द्या. कच्च्या तेलाला वाळायला कित्येक दिवस, कधी आठवडेही लागतात. ‘बॉइल्ड’ तेलात वाळवणारी द्रव्यं असल्यानं ते साधारण दिवसाभरात वाळतं.

गैरसमज: तेल लावलं की पाण्याची भीती नाही.
वस्तुस्थिती: तेलामुळे ओल शिरण्याचा वेग कमी होतो, ती थांबत नाही. पॉलियुरेथेन व्हार्निश जास्त टिकाव धरतं, पण ओरखडा पडल्यावर त्याची दुरुस्ती अवघड जाते. दस्त्याच्या मागच्या पट्टीखाली लाकडाची उघडी तोंडं सर्वाधिक ओल पितात, तिथेही हात द्या. नळी बसते त्या खाचेत मात्र थर पातळच हवा. जाड रंगानं बैठक बदलते आणि नेम हलतो.

गैरसमज: तेलाचं फडकं चुरगळून टोपलीत टाकलं तरी चालतं.
वस्तुस्थिती: तेल वाळताना उष्णता निघते. चुरगळलेल्या फडक्यात ती कोंडते आणि ठिणगीशिवाय आग लागते. २३ फेब्रुवारी १९९१ रोजी अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या ३८ मजली वन मेरिडियन प्लाझा इमारतीत जवसाच्या तेलाच्या अशाच फडक्यांनी पेट घेतला. त्या आगीत अग्निशमन दलाचे ३ जवान मृत्युमुखी पडले.

म्हणून प्रत्येक हातानंतर फडकं घराबाहेर, मोकळं पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या, झाकण असलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवा. हे केल्याशिवाय काम संपलं असं समजू नका.