शिरेतून आणि श्वासातून

"डॉक्टरसाहेब, मधातच जाग आली तं?" टेबलावरच्या मावशी विचारतात. कोरपना तालुक्यातल्या, कापूस भरलेल्या ट्रॅक्टरवरून पडलेल्या, उजव्या दंडाचं हाड मोडलेल्या. पाय असता तर पाठीतल्या इंजेक्शनवर भागलं असतं. हात बधिर करता आला असता. पण हाडाला बिलगून जाणारी नस शाबूत आहे का, हे सर्जनना शस्त्रक्रियेनंतर लगेच तपासायचं असतं. म्हणून पूर्ण भूल.

सुई उचलण्याआधी सिकलसेलचा रिपोर्ट पाहतो. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीत तो पाहावाच लागतो. थंडी, पाण्याची कमतरता, ऑक्सिजनची घट, यांतलं काहीही सिकलसेलच्या रक्तपेशींना वाकडं करतं. मावशींचा रिपोर्ट निगेटिव्ह. तरी पांघरूण घालतोच.

मास्कमधून ऑक्सिजन, शिरेतून फेंटानिल, मग दुधासारखं पांढरं प्रोपोफॉल, किलोमागे साधारण 2 मिलिग्रॅम. अर्ध्या-पाऊण मिनिटात डोळे मिटतात, श्वास थांबतो. पुढचा प्रत्येक श्वास माझी जबाबदारी. स्नायू सैल करणारं औषध, श्वासनलिकेत नळी, कॅप्नोग्राफवर लाट.

मावशींच्या प्रश्नाचं खरं उत्तर यानंतरच्या मिनिटांत आहे. प्रोपोफॉल मेंदूतून लवकर ओसरतं आणि आयसोफ्लुरेन हा भुलीचा वायू फुप्फुसांतून मेंदूत हळूहळू चढतो. मधे फट राहिली, तर स्नायू निपचित असलेलं माणूस जागं होऊनही सांगू शकत नाही. म्हणून नळी बसताच वायू सुरू करतो आणि उच्छ्वासातलं त्याचं प्रमाण पुरेसं दिसेपर्यंत सर्जनना थांबवतो.

सगळा भार एकट्या वायूवर टाकला, तर रक्तदाब कोसळतो. भुलीचा हृदयाला किती धोका, हा वाद इथला जुनाच. राजुरा-कोरपन्याचा हा मुलूख 1956 पर्यंत हैदराबादचा. त्या हैदराबादेतच 1888-89 मध्ये, तेव्हाच्या भुलीच्या औषधावर, निजामाच्या पैशातून क्लोरोफॉर्म कमिशन बसलं. श्वासावर लक्ष ठेवा, हृदय आधी थांबत नाही, असा त्यातल्या डॉ. एडवर्ड लॉरींचा आग्रह. 1911 मध्ये संशोधक लेव्हींनी मांजरांवर दाखवलं, की हलक्या क्लोरोफॉर्मखालीही हृदय एकाएकी बंद पडतं. आज वेदना फेंटानिल अडवतं, झोप वायू टिकवतो, आणि दोघांची मात्रा कमी राहते. ड्रिल लागताच नाडी 78 वरून 104 वर जाते. फेंटानिल थोडं आणखी देतो, वायू तसाच ठेवतो.

टाके पडताना पॅरासिटामॉलची बाटली लावतो, कारण फेंटानिल ओसरलं की वेदनेला अडवायला ते उरत नाही. स्नायूंचं औषध उलटवून नळी काढली, की सर्जन वाकून म्हणतात, "मावशी, मनगट वर उचला." त्या उचलतात.