जपानचे फुलांचे पत्ते

मित्रमैत्रिणींनो आणि भित्तिपत्रिका वाचायला थांबलेल्या पालकांनो, पत्ते म्हटले की आपल्याला बदाम, किलवर, चौकट, इस्पिक आठवते. जपान देशात मात्र फुलांचे पत्ते असतात. त्यांना ‘हानाफुदा’ म्हणतात. हाना म्हणजे फूल आणि फुदा म्हणजे पत्ता. माझा मामा कंपनीच्या कामासाठी जपानला गेला होता. त्याने येताना हे पत्ते आणले आणि दिवाळीच्या सुट्टीत आम्हांला खेळायला शिकवले. तीच माहिती मी येथे देत आहे.

हे पत्ते काडेपेटीएवढे लहान पण चांगले जाड असतात. त्यांच्यावर एक्का, दुर्री असे आकडे नसतात. राजा-राणीही नसतात. तीन लाल फितींवर जपानी अक्षरे आहेत, पण ती वाचता आली नाहीत तरी काही अडत नाही. चित्र ओळखता आले म्हणजे झाले.

वर्षाचे १२ महिने आणि दर महिन्याचे ४ पत्ते, म्हणून एकूण पत्ते ४८. पळस फुलला की आपल्याकडे शिमगा जवळ आला असे म्हणतात. तसेच या पत्त्यांत प्रत्येक महिन्याला एक झाड किंवा फूल ठरलेले आहे.

जानेवारी : पाइनचे झाड
फेब्रुवारी : प्लमची फुले
मार्च : चेरीची फुले
एप्रिल : फुजी नावाचा वेल
मे : पाण्याकाठचे आयरिस
जून : पिओनीचे मोठे फूल
जुलै : हागीचे झुडूप
ऑगस्ट : उंच गवत
सप्टेंबर : शेवंती
ऑक्टोबर : मेपलची पाने
नोव्हेंबर : वाळुंजाचे झाड
डिसेंबर : किरीचे झाड

एप्रिल आणि जुलैचे पत्ते सारखेच वाटतात. फुजीचे घोस वरून खाली लोंबतात आणि हागीच्या फांद्या खालून वर जातात. हा फरक नीट पाहून ठेवावा.

आता गुण पाहू. सर्वांत मोठे ५ पत्ते २० गुणांचे. त्यांत पाइनजवळचा करकोचा आणि गवतावरचा पौर्णिमेचा चंद्र हे पत्ते फार सुंदर आहेत. हरीण, रानडुक्कर, फुलपाखरे वगैरे चित्रांचे ९ पत्ते १० गुणांचे. फितीचे १० पत्ते ५ गुणांचे. उरलेले २४ साधे पत्ते १ गुणाचे. म्हणजे १०० + ९० + ५० + २४ = २६४ गुण झाले.

तिघांनी खेळायचा सोपा खेळ असा. प्रत्येकाला ७ पत्ते वाटायचे. ६ पत्ते मध्ये उघडे मांडायचे. राहिलेल्या २१ पत्त्यांची गड्डी पालथी ठेवायची. आपली पाळी आली की हातातला एक पत्ता टाकायचा. त्याच महिन्याचा पत्ता खाली असेल तर दोन्ही आपले. दोन असतील तर त्यांतला एक निवडायचा. एकही नसेल तर आपला पत्ता तिथेच राहतो. मग गड्डीतला वरचा पत्ता उलटायचा आणि त्याची जोडीही तशीच जुळवायची. हात संपले की गड्डीही संपते. मग ज्याने त्याने आपले गुण मोजायचे. २६४ भागिले ३ म्हणजे ८८. ज्याचे ८८ च्या वर तो फायद्यात, खाली तो तोट्यात. जपानमध्ये ‘हाची-हाची’ नावाचा एक खेळच आहे. त्याचा अर्थ अठ्ठ्याऐंशी !

नोव्हेंबरच्या एका पत्त्यावर छत्री घेतलेला माणूस आणि एक बेडूक आहे. तो माणूस म्हणजे ओनो नो मिचिकाझे. सुमारे हजार वर्षांपूर्वीचा तो प्रसिद्ध सुलेखनकार. अशी गोष्ट सांगतात, की अक्षर सुधारत नाही म्हणून तो निराश झाला होता. पावसात त्याला वाळुंजाच्या फांदीवर उड्या मारणारा बेडूक दिसला. बेडूक पुन्हा पुन्हा पडला, शेवटी पोहोचला. ते पाहून तो घरी गेला आणि पुन्हा लिहू लागला. शुद्धलेखनाचा कंटाळा करणाऱ्यांनी हा पत्ता जरूर पाहावा.

या पत्त्यांचा इतिहासही मजेशीर आहे. ज्या पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतले, त्यांचेच लोक १५४३ साली जपानला पोहोचले. जपानी लोकांना पत्ते त्यांच्याकडून माहीत झाले. पुढे लोक पैसे लावू लागले, म्हणून सरकारने बंदी घातली. मग लोकांनी चित्रे बदलून नवे पत्ते काढले. त्यांवर पुन्हा बंदी आली. असे होता होता आकडे गेले आणि फुले आली. १८८९ साली क्योतो शहरात फुसाजिरो यामाउची यांनी हे पत्ते बनवण्याचे दुकान काढले. तीच आजची व्हिडिओ गेमची निन्टेन्डो कंपनी. ती अजूनही हे पत्ते विकते.

पण फुले आली तरी जपानमध्ये या पत्त्यांवरही जुगार चाललाच. आमच्या घरी तर पत्त्यांचे नावच काढायचे नाही. आजोबांनी तीन पत्तीत बैलजोडी घालवली होती. त्या वर्षी पेरणी दुसऱ्याच्या बैलांनी झाली, असे आजी सांगते. मामाने पत्ते काढले तेव्हा ती उठून आत गेली. दोन दिवस ती नुसती लांबून बघत होती. तिसऱ्या दिवशी जवळ आली आणि म्हणाली, “ह्यात राजा-राणी कुठंय गं ? ही तर सगळी फुलं हायती. पण एक सांगते, पैसा सोड, शेंगदाणासुद्धा लावायचा न्हाई.” आम्ही कबूल केले.

आजी शाळेत गेलेली नाही. तरी कोणत्या महिन्याचे किती पत्ते गेले हे तिच्या बरोबर ध्यानात राहते. परवा तिचे १०२ गुण झाले. मोजून मात्र मी दिले.

तुम्हांला खेळायचे असेल तर विकत आणायची गरज नाही. जुन्या लग्नपत्रिकांचे ४८ सारखे तुकडे कापा आणि एका बाजूला चित्रे काढा. माझा असा एक संच वर्गाच्या कपाटात ठेवला आहे. मधल्या सुट्टीत मागून घ्यावा, मोजून परत ठेवावा. अट आजीचीच, काहीही लावायचे नाही.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ७ वी