रीलिन

रीलिन हे पेशीबाह्य आधारद्रव्यातील एक मोठे ग्लायकोप्रथिन आहे. भ्रूणाच्या मेंदूत नव्या चेतापेशींना योग्य स्तरात स्थान मिळण्यासाठी ते आवश्यक असते. मानवात ते सुमारे ३,४६० ॲमिनो आम्लांचे बनलेले असून त्याचे जनुक सातव्या गुणसूत्रावर आहे. पेशीबाह्य आधारद्रव्य म्हणजे पेशींनी स्वतःभोवती स्रवलेल्या प्रथिनांचे व शर्करायुक्त रेणूंचे जाळे होय. ते पेशींना आधार देते आणि संकेतही पोहोचवते.

इतिहास

झोकांड्या खात चालणाऱ्या उंदरांचे वर्णन डी. एस. फाल्कनर यांनी १९५१ मध्ये एडिंबरो येथे केले. चालण्याच्या या पद्धतीवरून त्यांना 'रीलर' हे नाव मिळाले. संबंधित जनुक १९९५ मध्ये ओळखले गेले व त्याच्या प्रथिनाला रीलिन म्हटले जाऊ लागले.

कार्य

मेंदूच्या बाह्यकात सहा स्तर असतात. त्यांतील बहुतेक चेतापेशी मेंदूच्या पोकळ्यांलगत जन्मतात आणि अरीय ग्लिया पेशींच्या तंतूंच्या आधाराने पृष्ठभागाकडे सरकतात. आधी जन्मलेल्या पेशी आतील स्तरांत राहतात. नंतरच्या पेशी त्यांना ओलांडून बाहेरचे स्तर बनवतात. पृष्ठभागालगतच्या काहाल–रेट्झियस पेशी या काळात रीलिन स्रवतात. रीलर उंदरांत नंतरच्या पेशींना आधीच्या पेशी ओलांडता येत नाहीत, त्यामुळे स्तरांचा क्रम ढोबळमानाने उलटा होतो.

संकेतन

रीलिन चेतापेशीच्या पृष्ठभागावरील व्हीएलडीएलआर व एपोईआर२ या ग्राहींना जोडले जाते. त्यामुळे पेशीतील डॅब१ या प्रथिनाला फॉस्फेट गट जोडले जातात आणि पेशीचा सांगाडा व चिकटण्याची क्षमता बदलते. डॅब१ किंवा दोन्ही ग्राही नसलेल्या उंदरांतही रीलरसारखेच दोष आढळतात. यावरून हे सर्व रेणू एकाच संकेतमार्गाचे घटक असल्याचे सिद्ध झाले.

मुंबईतील संशोधन

काहाल–रेट्झियस पेशींचा एक प्रमुख उगम म्हणजे बाह्यकाच्या कडेची 'हेम' ही पट्टी. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शुभा टोळे व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवले की, एलएचएक्स२ हे जनुक बाह्यकाची ओळख निश्चित करते. ते सुरुवातीच्या काळात निष्क्रिय केल्यास त्या पेशी हेमचे रूप घेतात आणि शेजारच्या पेशींना हिप्पोकॅम्पस घडवण्याचे संकेत देतात. टोळे यांना २०१४ चा इन्फोसिस पुरस्कार मिळाला.

मानवी विकार

जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असल्यास बाह्यकावरील वळ्या नीट बनत नाहीत व अनुमस्तिष्क अविकसित राहते. अशा बालकांत आकडी, स्नायूंचा शिथिलपणा व तीव्र विकासविलंब आढळतो. आईवडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्याला विकार होण्याची शक्यता २५ टक्के असते. जवळच्या नात्यातील विवाहांत दोघांकडे एकच सदोष प्रत असण्याचा संभव वाढतो. त्यामुळे मामे-आते भावंडांच्या विवाहाची प्रथा असलेल्या समाजांत जनुकीय समुपदेशनाला विशेष महत्त्व आहे.