सुटते कशी, ते आधी पाहावे

उन्हाळ्याची सुटी लागली, की आपल्या भागातील कुटुंबे समुद्राकडे निघतात. बेळगावकर चोर्ल्याचा घाट उतरतात, निपाणीकर आजरा-आंबोलीवरून सावंतवाडी गाठतात आणि दोघांची भेट बहुधा गोव्याच्या वाळूवर होते. आमच्या लहानपणी समुद्र म्हणजे गुडघाभर पाण्यात डुंबणे, शिंपले वेचणे आणि वडीलधाऱ्यांची 'पुढे जाऊ नका' ही हाक. आजच्या मुलांची गोष्ट वेगळी आहे. आश्वे, मोरजी, आगोंद अशा किनाऱ्यांवर फळीवर उभे राहून लाटेबरोबर धावण्याचा खेळ, म्हणजे सर्फिंग, शिकवणारे वर्ग निघाले आहेत. आपल्याच कर्नाटकात मंगळूरजवळच्या मुल्कीला हा खेळ रुजून बरीच वर्षे झाली. टोकियोचे ऑलिंपिक २०२१ मध्ये भरले, तेव्हा सर्फिंगला प्रथमच तेथे स्थान मिळाले. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये महाबलीपुरमला झालेल्या आशियाई स्पर्धेत भारताच्या रमेश बुदिहाळने कांस्यपदक मिळविले. तेव्हा हे परदेशी खूळ म्हणून आपल्याला हात झटकता येणार नाहीत. आपली मुले त्या फळीवर चढणारच.

आम्हांला आज त्या फळीविषयी लिहावयाचे नाही. तिच्या शेपटापासून खेळाडूच्या घोट्यापर्यंत जाणाऱ्या दोरीविषयी लिहावयाचे आहे. तिला 'लीश' म्हणतात. कुत्र्याच्या गळ्यातील दोरीलाही इंग्रजीत हाच शब्द आहे. दोरी साधी दिसते. पण ती कशी बांधावी आणि विशेषतः कशी सोडावी, हे ठाऊक नसेल तर जीव वाचविणारी वस्तूच जिवावर उठते. हा धडा आम्ही तीन ठिकाणी शिकलो: एका विहिरीवर, गोव्याच्या एका किनाऱ्यावर आणि आमच्या वेदगंगेच्या काठी.

विहिरीपासून सुरुवात करू. आमच्याकडच्या बहुतेक मुलांप्रमाणे आम्हीही पाठीला तेलाचा रिकामा, झाकण डाकलेला डबा बांधून पोहायला शिकलो. त्याआधीच्या पिढीने वाळलेले भोपळे बांधले होते. शिकविणारे आमचे थोरले चुलते. त्यांना सारी भावकी 'अण्णा' म्हणते. पहिल्या दिवशी आम्ही मोठ्या ऐटीत डबा घट्ट बांधून विहिरीच्या पायरीवर उभे राहिलो. अण्णांनी गाठ पाहिली आणि म्हणाले, "बांधलंस ते बघितलं रे. आता सुटतंय कसं ते दाव बघू." आम्हांला ती गाठ सोडता येईना. निरगाठ बसली होती, आणि सुंभ भिजल्यावर ती आणखी आवळली असती. अण्णांनी ती दातांनी सोडविली, सुरगाठ मारली, तिचे टोक आमच्या उजव्या हाताशी आणून ठेविले आणि डोळे मिटून ते तीनदा ओढावयास लावले. मगच पाण्यात उतरण्याची परवानगी मिळाली. विहिरीच्या भिंतीतून बाहेर आलेल्या मुळात डब्याची दोरी अडकली तर वरून कोणी उडी मारीपर्यंत पोराने काय करावयाचे, हा त्यांचा प्रश्न होता.

पुढे कित्येक वर्षांनी आमच्या भाच्याने गोव्यात सर्फिंग शिकावयाचे ठरविले, तेव्हा सामान पाहताना आम्हांला अण्णांची आठवण झाली. लीशचे भाग समजून घेतले तर तिच्यात अवघड असे काही नाही. फळीच्या मागच्या टोकाशी वरच्या बाजूस एक लहानशी वाटी बसविलेली असते व तिच्यात आडवी पिन असते. त्या पिनेखालून बारीक पण मजबूत नाडीचा फास ओवावयाचा, नाडीचे गाठ मारलेले टोक त्याच फासातून बाहेर काढावयाचे आणि ओढून घ्यावयाचे. गोठ्यातील खुंट्याला गाईचे दावे याच रीतीने अडकवितात. इंग्रज खलाशीसुद्धा या गाठीला गाईचीच गाठ म्हणतात, हे वाचून आम्हांला मोठी मौज वाटली. नाडी पिनेखालून जात नसेल तर केसांची पिन वाकवून तिने पुढे सारावी.

या नाडीत लीशची रुंद पट्टी अडकविली जाते. ही पट्टी व्हेल्क्रोची असते. मुलांच्या बुटांवर चर्रकन सुटणारी असते, तीच. तिचे एकावर एक येणारे पदर नीट दाबून बसवावेत. पट्टी रुंद ठेवण्याला कारण आहे. ताण पडला की बारीक नाडी फळीच्या कडेला करवतीसारखी कापते. रुंद पट्टी तो ताण पसरून घेते. म्हणून नाडी आखूड हवी, इतकी की फळीच्या कडेवरून पट्टीच जावी, नाडी जाऊ नये. पट्टीच्या पुढे पॉलियुरेथेनची लवचीक दोरी येते. तिची लांबी फळीच्या लांबीएवढी किंवा किंचित जास्त असावी. आठ फुटी फळीला आठ फुटांची. दोरीला पीळ बसू नये म्हणून दोन्ही टोकांना फिरती कडी असते. शेवटी घोट्याभोवती गुंडाळावयाचा मऊ पट्टा; तोही व्हेल्क्रोचा, आणि त्याला ओढण्यासाठी एक जीभ ठेवलेली असते. आडवे पडून लाटा घेण्याच्या लहान फळीची दोरी मात्र बहुधा दंडाला किंवा मनगटाला बांधतात.

पट्टा कोणत्या पायाला बांधावा? फळीवर उभे राहताना जो पाय मागे राहतो, त्याला. पाठीमागून कोणी हलकेच ढकलले तर जो पाय आपोआप पुढे पडतो तो पुढचा, उरलेला मागचा. पट्टा अंगालगत व घट्ट असावा, पण रक्त अडू नये. कडी व दोरी पायाच्या बाहेरच्या बाजूस, मागे वळलेली असावी. आत आली तर दोरी पायात येते. आणि पट्टा वाळूवर बांधून पाण्याकडे धावत सुटू नये. पाण्याच्या कडेशी जावे, तेथे फळी खाली ठेवून बांधावे. परतताना पाण्याबाहेर येताच प्रथम पट्टा सोडावा आणि दोरी हातात गोळा करून मग चालावे. दोरीसकट चालणारे पोर दोन पावलांत तोंडावर आपटते. आमच्या भाच्यानेच हे आम्हांला करून दाखविले.

त्या दिवशी त्याहून गंभीर एक प्रसंग घडला. शिकवणाऱ्याने दिलेल्या दोरीवर पट्ट्याजवळ नखाएवढी एक चीर होती. आमच्या ती नजरेस पडली होती. पण अनोळखी ठिकाणी बोलावे कसे, या संकोचाने आम्ही गप्प राहिलो. तासाभराने एका लाटेत भाचा पडला, दोरी त्या चिरेपाशीच तुटली आणि मोकळी फळी फेसाबरोबर उथळ पाण्याकडे सुटली. तेथे चारपाच वर्षांची एक मुलगी आजीचा हात धरून उभी होती. फळी तिच्यापासून दोन हातांवरून गेली. दोरी केवळ खेळणाऱ्यासाठी नसते, त्याच्या मागे पाण्यात उभ्या असलेल्या प्रत्येकासाठी असते, हे तेव्हा कळले. आमचा संकोच त्या पोरीला केवढ्याला पडला असता, हा विचार आजही मनातून जात नाही. म्हणून वाचकांना सांगतो: पाण्यात जाण्यापूर्वी दोरी टोकापासून टोकापर्यंत बोटांतून फिरवून पाहावी. चीर, पांढरा पडलेला किंवा ताणून बारीक झालेला भाग दिसला, व्हेल्क्रो वाळूने भरून धरीनासे झाले, की ती दोरी स्पष्टपणे परत करावी आणि दुसरी मागावी. स्वतःची असेल तर वापरानंतर गोड्या पाण्याने धुऊन सावलीत सरळ टांगावी. फळीभोवती आवळून गुंडाळून ठेवली तर तिला कायमची वळणे पडतात.

या दोरीचा इतिहासही बोलका आहे. पूर्वी फळी सुटली की खेळाडू पोहत किनारा गाठीत आणि फळ्या खडकांवर फुटत. १९३०च्या दशकात टॉम ब्लेक या अमेरिकी खेळाडूने कमरेला सुती दोर बांधून पाहिला. पण तो धोक्याचा वाटल्यामुळे सोडून दिला. १९७१ मध्ये कॅलिफोर्नियात पॅट ओ'नील या तरुणाने शस्त्रक्रियेत वापरतात तसल्या रबरी नळीची दोरी आणली. मालिबूच्या स्पर्धेत ती वापरल्याबद्दल त्याला बाद करण्यात आले. जुन्या खेळाडूंना ती नवशिक्यांची कुबडी वाटे. त्याच वर्षी त्याचे वडील जॅक ओ'नील यांच्या डोळ्यावर, रबर ताणून परत आल्यामुळे, फळी आदळली आणि त्यांचा डावा डोळा गेला. पुढे २०१७ मध्ये निधन होईपर्यंत त्यांच्या डोळ्यावरची काळी पट्टी जगाला परिचित होती. रबर जाऊन कमी ताणणारी पॉलियुरेथेनची दोरी आली, ती या अनुभवानंतर. तरीही फळी परत येतेच. म्हणून पडल्यावर दोन्ही हातांनी डोके झाकून, सावकाश, फळी कोठे आहे ते पाहत वर यावे. दोरी हाताला किंवा बोटांना गुंडाळून फळी ओढू नये; लाटेच्या एका हिसक्यात बोट जाते. आणि दोरी म्हणजे पोहता येण्याचा पर्याय नव्हे. ती तुटेल असे धरूनच पाण्यात उतरावे.

आता तिसरा प्रसंग. गोव्याहून परतल्यावर भाच्याने हवा भरून फुगविण्याची एक मोठी फळी विकत घेतली. तिच्यावर उभे राहून वल्हे मारावयाचे असते. गोव्यातील खाड्यांत हा खेळ अनेकांनी पाहिला असेल. त्याचा बेत वेदगंगेवर जाण्याचा होता. पाऊस नुकताच ओसरला होता, नदी भरून वाहत होती आणि खालच्या अंगाला कोल्हापूर पद्धतीचा बंधारा होता. फळीबरोबर आलेली दोरी घोट्याला बांधावयाची होती. "मामा, दोरी आहे की, बुडेन कसा?" असे तो म्हणाला. समुद्रात जे शिकला, तेच तो नदीला लावीत होता.

संथ तळ्यात किंवा मोठ्या जलाशयात घोट्याची किंवा पोटरीची दोरी योग्यच आहे; वारा सुटला तर फळी माणसाच्या पोहण्याहून वेगाने दूर जाते, आणि फळी हाताशी राहिली तर माणूस तरतो. वाहत्या नदीत हिशेब उलटा होतो. आपल्या बंधाऱ्याला ओळीने खांब असतात. पावसाळ्यापूर्वी त्यांच्यामधले बरगे काढतात आणि पाऊस सरला की पुन्हा घालतात. समजा, खांबाच्या एका बाजूने फळी गेली आणि दुसऱ्या बाजूने माणूस. मध्ये दोरी ताणली जाते आणि मागून पाणी रेटत राहते. त्या रेट्यात कमरेतून वाकून घोट्यापर्यंत हात नेणे धडधाकट माणसालाही साधत नाही. बंधाऱ्यावरून पाणी पडत असेल तर खाली भोवरा फिरतो, तो वेगळाच. ३० ऑक्टोबर २०२१ रोजी वेल्समधील हॅव्हरफर्डवेस्ट येथे, पाऊस होऊन चढलेल्या नदीत, अशाच फळ्यांवरून निघालेल्या गटातील काही जण बंधाऱ्यावरून खाली गेले आणि चौघे प्राणास मुकले. चौकशीत जी कारणे पुढे आली, त्यांत अशा पाण्याला न शोभणाऱ्या दोऱ्यांचाही उल्लेख होता.

म्हणून वाहत्या पाण्यासाठी दोरी कमरेच्या पट्ट्याला असते. जीवरक्षक जाकिटावरून पट्टा बांधतात आणि त्याच्या पुढच्या बाजूस एक गोळी किंवा मूठ असते. ती ओढली की पट्टाच सुटून फळीसकट निघून जातो. आणि बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला तर कोणत्याही दोरीने उतरू नये, हे त्याहून सोपे शहाणपण.

अण्णा आता ऐंशी ओलांडून गेले आहेत. पडवीत बसून त्यांनी ती फळी, ती दोरी, तो घोट्याचा पट्टा हातात घेऊन पाहिला. भाच्याला पालथे निजविले, डोळे मिटावयास लावले आणि आम्हांला दोरी ओढून धरावयास सांगून म्हणाले, "हां, आता सोड बघू." भाच्याचा हात घोट्यापर्यंत पोचला नाही. पुन्हा ओढली, पुन्हा पोचला नाही. तो उठून बसला तेव्हा काही बोलला नाही. पण त्या रविवारी फळी नदीवर गेली नाही. महिनाभराने कमरेचा पट्टा आला. तो बांधून, आम्ही काठावर उभे असताना, त्याने शेताच्या विहिरीत वीस वेळा मूठ ओढून पट्टा सोडला. अण्णा खुर्ची टाकून मोजत बसले होते. एकोणिसाव्या वेळी हात चुकला, तर त्यांनी पुन्हा एकपासून मोजावयास सुरुवात केली.

येत्या सुटीत आपली मुले समुद्रावर, खाडीत किंवा जलाशयात अशी फळी घेऊन उतरणार असतील, तर त्यांना अवश्य उतरू द्यावे. फक्त पाण्यापाशी पोचल्यावर दोरी बांधून झाली, की आई-बापांनी, मामा-काकांनी त्यांना एवढेच विचारावे: आता ती सुटते कशी, ते दाखव. डोळे मिटून, एका हाताने, दाखविता आले, तर पुढे जावे.