परक्या भाषेत गाताना : पुगाचोवाची इंग्रजी, लताबाईंची उर्दू

(रत्नागिरी येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

रशियन गायिकेच्या इंग्रजी अल्बमचं रत्नागिरीत काय काम, असं विषय वाचून तुमच्यापैकी काहींना वाटलं असेल. काम आहे. कसं ते बघू.

१९८५ साल घ्या. सोव्हिएत संघातली तेव्हाची सगळ्यात लोकप्रिय गायिका अल्ला पुगाचोवा. तिचा पहिला इंग्रजी अल्बम त्या वर्षी आला, नाव 'वॉच आउट'. ध्वनिमुद्रण स्वीडनमध्ये झालं. मायदेशात मेलोदिया या सरकारी कंपनीने तो पुढे वेगळ्या नावाने काढला, त्या नावाचा अर्थ 'अल्ला पुगाचोवा स्टॉकहोममध्ये'. गंमत बघा, इंग्रजी नावाचं पहिलं अक्षरच रशियन भाषेत नाही. ओठ गोल करून म्हणायचा इंग्रजी 'व' रशियनात नसतो. दात ओठाला टेकवून म्हणायचा 'व' तेवढा असतो. म्हणजे परीक्षा वेष्टनापासूनच सुरू.

त्याच १९८५ साली कॅनडात, टोरांटोच्या मेपल लीफ गार्डन्समध्ये लता मंगेशकरांचा कार्यक्रम झाला. 'युनायटेड वे' या धर्मादाय संस्थेसाठी. त्यात लताबाईंनी ॲन मरे या कॅनेडियन गायिकेचं 'यू नीडेड मी' हे इंग्रजी गाणं म्हटलं.

एकीने अख्खा अल्बम केला, दुसरीने एक गाणं म्हटलं. असं का? पुगाचोवाला सीमेपलीकडचा श्रोता हवा होता आणि त्याच्यापर्यंत जायचं तर इंग्रजी लागत होती. लताबाईंना ती गरजच नव्हती. मोठ्या बाजारपेठेच्या भाषेत जायची परीक्षा त्यांनी जवळजवळ चाळीस वर्षं आधी दिली होती. ती भाषा इंग्रजी नव्हती, हिंदी-उर्दू होती.

आज आपल्याला हे विसरायला होतं. लताबाई म्हणजे हिंदी गाणं, असं समीकरण झालंय. पण १९४२ साली वडील, मास्टर दीनानाथ गेले आणि ही मुलगी कामाला लागली ती मराठी चित्रपटांत. १९४५ च्या सुमारास मास्टर विनायकांच्या कंपनीबरोबर मुंबईला आली. १९४६ मध्ये 'आप की सेवा में' या हिंदी चित्रपटासाठी गायली, पण तिथेही संगीतकार होते दत्ता डावजेकर, म्हणजे आपलाच माणूस. खरी कसोटी पुढे होती.

तो किस्सा तुम्ही ऐकलेला असेल. लोकल गाडीत अनिल विश्वासांनी लताबाईंची दिलीपकुमारशी ओळख करून दिली. मुलगी मराठी आहे म्हटल्यावर दिलीपकुमार अशा अर्थाचं बोलले, की मराठी लोकांच्या उर्दूला डाळभाताचा वास येतो. लताबाईंना लागलं. पण त्यांनी काय केलं? एका मौलवींकडे उर्दूची शिकवणी लावली. १९४९ मध्ये 'महल' आला, त्यातलं 'आएगा आनेवाला' देशभर पोचलं, आणि मग उच्चारांवर बोट ठेवायला कुणाला जागा राहिली नाही.

आता हा डाळभाताचा वास नेमका येतो कुठून? हे समजून घेण्यासारखं आहे. तीन जागा सांगतो.

पहिली जागा 'ज'. मराठीत 'ज' दोन आहेत. 'जीव' मधला टाळूजवळचा आणि 'जाणे' मधला दातांजवळचा. लिहितो एकच, बोलतो दोन. आता हिंदी 'जाना' म्हणा. तिथे टाळूजवळचा 'ज' हवा, पण आपली जीभ 'जाणे'च्या सवयीने दाताकडे जाते. उलट उर्दू 'ज़िंदगी' घ्या. तिथे दाताजवळ घासून येणारा 'ज़' हवा. पण पुढे 'इ' आली की मराठी जीभ 'जीव'च्या सवयीने टाळूकडे जाते. म्हणजे जिथे जायचं तिथे जात नाही आणि नको तिथे जाते! 'च'चंही तसंच. 'चांदणं' म्हणा आणि मग हिंदी 'चाँद' म्हणा. जीभ कुठे लागते ते बघा.

दुसरी जागा घशातली. क़, ख़, ग़ ही अक्षरं मराठीत नाहीत. 'ख़त'चं आपण सरळ 'खत' करतो, आणि मराठीत खत म्हणजे काय ते कोकणातल्या बागायतदाराला सांगायला नको.

तिसरी जागा नाकातली. 'हूँ', 'में', 'चाँद' यांतला स्वर नाकातून येतो. प्रमाण मराठीने हा सानुनासिक स्वर सोडून दिला. लिहिताना अनुस्वार बराच काळ देत होतो. उच्चारात नसलेले ते अनुस्वार १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी काढून टाकले. पण रत्नागिरीच्या चित्पावनी बोलीत आणि खाली कोकणीत हा स्वर अजून जिवंत आहे. ज्या बोलण्याला 'नाकात बोलतात' म्हणून हसतात, त्यात हिंदी गायला लागणारी एक गोष्ट आयतीच आहे.

गाण्यात एक सोयही असते. आपण लांबवतो तो स्वर, व्यंजन क्षणात संपतं. त्यामुळे संथ गाण्यात परकेपणा कमी कळतो. 'यू नीडेड मी' संथ आहे. जलद पॉप गाण्यात मात्र व्यंजनं एकामागून एक येतात आणि पळवाट राहत नाही. रशियन माणूस शब्दाच्या शेवटचं घोष व्यंजन अघोष करतो, म्हणून इंग्रजी 'लव्ह'चं 'लफ'सारखं होतं. आणि पॉप गाण्यात हा शब्द किती वेळा येतो ते तुम्ही जाणताच.

आता उलटी दिशा बघू. मोठ्या भाषेतले गायक मराठीत आले तेव्हा काय झालं?

'मी डोलकर' हे गाणं शांता शेळके यांचं, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं, गायक हेमंतकुमार आणि लताबाई. हेमंतकुमार बंगाली. बंगालीत 'ण' आणि 'न' यांचा उच्चार एकच, 'ळ' नाही. पण कोळी बोलीतही 'पाणी'चं 'पानी' होतं, 'डोळा'चं 'डोला' होतं. म्हणजे जी अक्षरं या गायकाला अवघड, ती या बोलीनेच आधी बाजूला ठेवलेली! पुस्तकी मराठीत जो परका वाटला असता, तो होडीवर घरचा झाला. या किनाऱ्यावर ते गाणं बंगाली माणसाने गायलंय हे कुणाच्या मनातही येत नाही.

दुसरे मोहम्मद रफी. श्रीकांत ठाकरे यांनी त्यांच्याकडून मराठी गाणी गाऊन घेतली. 'शोधिसी मानवा' ऐका, वंदना विटणकरांचे शब्द आहेत. त्यात 'राऊळी' आहे आणि रफींचा 'ळ' नीट आहे. उत्तरेकडच्या माणसाला 'ळ' येत नाही असं आपण सरसकट म्हणतो. पण रफींची मायबोली पंजाबी, आणि पंजाबीत 'ळ' आहे.

मग मुद्दा काय? मोठ्या भाषेत जाणाऱ्याची परीक्षा होते, लहान भाषेत येणाऱ्याचं कौतुक होतं. हिंदीचा नामवंत गायक मराठी गायला की आपण टाळ्या वाजवतो, उच्चार कसेही असोत. आपल्याला तो मोठेपणा वाटतो. मला त्यात थोडी लाचारी दिसते. दिलीपकुमारांचा शेरा बोचरा होता खरा, पण त्यामागे एक गोष्ट होती: उर्दूला चुकीचा 'ज' ओळखणारा आणि तसं तोंडावर सांगणारा श्रोता होता. त्या श्रोत्यामुळे लताबाई मौलवींकडे गेल्या. आपण मराठीचा असा श्रोता आहोत का?

आणि दुसरी बाजूही धरा. आज रत्नागिरीतली मुलं मोबाइलवर हिंदी, इंग्रजी गाणी रेकॉर्ड करतात. जरूर करावीत. ज्या भाषेत गायचं तिचा 'ज' शिकावा, तिचा 'व' शिकावा. पण त्यासाठी घरातलं बोलणं पुसून टाकायची गरज नाही. लताबाई उर्दू शिकल्या, मराठी विसरल्या नाहीत. जिभेला दोन जागा माहीत झाल्या, एवढंच.

घरी गेल्यावर 'चाँद' आणि 'चांदणं' हे दोन शब्द एकाच सुरावर, सावकाश म्हणून बघा. जीभ दोनदा वेगळ्या ठिकाणी लागली, तर आजच्या व्याख्यानातलं निम्मं तुम्हाला समजलं. उरलेलं निम्मं, पुढच्या वेळी कुणी मराठीत चुकीचं गायलं की तुम्ही काय करता, त्यावर ठरेल.